आस (मासेमारी जाळ्याची)

आस म्हणजे जाळ्याचं एक भोक. शब्दकोशात बघायला गेलं तर आस म्हणजे इच्छा नाहीतर चाकाचा कणा, पण ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून बेलापूरच्या दिवाळ्यापर्यंत खाडीकाठी हा शब्द जाळ्यासाठीच वापरतात, आणि बेकायदा मासेमारीवरचे बरेचसे वाद फिरून फिरून ह्या भोकाच्या मापावरच येतात. पाग, वाणा, डोल, बोकशी (काही जण भोकशी लिहितात) ही इथल्या जाळ्यांच्या प्रकारांची नावं, त्यातली डोल आणि बोकशी पुढे येतात.

मोजमाप. इथेच खरा घोळ आहे. आस दोन पद्धतीने मोजतात. एक म्हणजे गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत, म्हणजे भोकाची एकच बाजू, आणि दुसरी म्हणजे जाळं ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर. पहिल्या पद्धतीने जी आस २० मिमी भरते तीच दुसऱ्या पद्धतीने ४० च्या आसपास जाते, त्यामुळे नुसतं "४० ची आस" म्हणून काहीच कळत नाही, कोणती पद्धत ते आधी विचारावं लागतं. मत्स्यशास्त्राच्या लिखाणात ताणलेलं माप जास्त चालतं आणि ते बरंही आहे, कारण मासा निसटणार तो ताणलेल्या जाळ्यातूनच. विकत घेताना मात्र मिमी कोण बोलतंय, भोकात बोटं घालून बघितलं की झालं काम.

दुसरी भानगड आकाराची. नेहमीची आस शंकरपाळ्यासारखी असते. हातात धरली की छान उघडी दिसते, पण जाळं ओढलं जायला लागलं आणि मागच्या पिशवीत (डोलीत तिला खोला म्हणतात) वजन भरलं की चारी बाजू लांबट होऊन भोक जवळपास मिटतं, म्हणजे कागदावर कायदेशीर आणि पाण्यात फडकं. म्हणून ट्रॉलच्या (बोटीमागे ओढायच्या पिशवीसारख्या जाळ्याच्या) खोल्याला ४० मिमीची चौकोनी आस लावायचा नियम महाराष्ट्राने केला, साधारण २०१७ च्या सुमाराला. चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते आणि पिल्लं बाहेर पडतात. डोल कोणी ओढत नाही, ती खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या तोंडाशी धरतात, पण पाण्याचा जोर तोच उद्योग करतो.

सूत आणि नायलॉन. आधी जाळी सुती-तागाची असायची आणि कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचे. नायलॉन आलं ते बहुधा १९५०-६० च्या दशकांत. नायलॉन कुजत नाही हा फायदा, आणि तोच तोटा. तुटलेलं जाळं तिवरांच्या मुळांत अडकून राहतं, आणि त्यात चिंबोऱ्या अडकत राहतात, जाळ्याला मालक उरलेला नसला तरी.

जवळ्याचा वाद. बोकशी म्हणजे डोलीसारखंच पण लहान पिशवीचं जाळं, जवळा धरायला लावतात. तिच्या खोल्याची आस १० मिमीच्या आसपास, कधी त्याहूनही बारीक. जवळा स्वतःच दोन-तीन सेंटीमीटरचा, मोठ्या आसेत तो राहणारच नाही, त्यामुळे बोकशीवाले म्हणतात ४० ची आस लावायची म्हणजे आमचा धंदा बंद करायचा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जवळ्याबरोबर कोळंबीचं, बोयचं, जिताड्याचं बारीक पिल्लू येतं त्याचं काय. दोन्हीत तथ्य आहे. जवळा वर्षभरातच वाढून मरणारा जीव आहे, त्याला बारीक आस चालून जाते, त्यामुळे सरसकट माप लावण्यापेक्षा पिल्लांच्या महिन्यांत आणि ठरावीक जागी बोकशी न लावणं हे जास्त पटतं.

कायदा. मूळ कायदा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१. २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढले आणि नियम मोडणाऱ्यांची सुनावणी तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आली. पर्ससीनवर (अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यावर) २०१६ पासून निर्बंध आहेत, एलईडी दिवे लावून मासेमारीवर केंद्राची बंदी २०१७ ची. जून-जुलैची बंदी यांत्रिक बोटींना, वल्ह्याच्या होडीला नाही. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींना किमान लांबी ठरवून दिली (पापलेट १३५ मिमी, बोंबील १८० मिमी), म्हणजे आता पाण्यातल्या भोकाबरोबर पाटीतला मासाही मोजता येतो, निदान नियमाप्रमाणे तरी.

ठाणे खाडी. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला खाडीचा पश्चिम किनारा २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाला, १६९० हेक्टर, आणि २०२२ ला ठाणे खाडी रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेली. अभयारण्याला वन्यजीव कायदा लागू, जाळ्याला मत्स्य कायदा, आणि मासे दोन्हीकडे फिरतात.

जाळं कापणं. कासव, डॉल्फिन, देवमासा (बहिरी, म्हणजे व्हेल शार्क, २००१ पासून संरक्षित) जाळ्यात आला तर कापूनच सोडावा लागतो. आस कितीही मोठी असो, एवढ्या धुडाला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी राज्याने २०१८ च्या शेवटी भरपाई सुरू केली, जास्तीत जास्त २५,००० रुपये. अर्जाला फोटो लागतो, एक सोडलेल्या जनावराचा आणि एक फाटक्या जाळ्याचा.