बियाणं उगवलं नाही तर विक्रेत्याविरुद्ध तक्रार कुठे आणि कशी करायची?

पेरणीला आठ-दहा दिवस झाले, वावरात तासच्या तास रिकामे दिसतात आणि कृषी केंद्रवाला म्हणतो, "पाऊस कमी पडला, नाहीतर तुम्ही खोल पेरलं." इथेच बरेच कास्तकार हार मानतात, दुसरी थैली आणतात आणि वावर मोडून टाकतात. वावर मोडलं की पुरावाही गेला. म्हणून दुबार पेरणीआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करते. सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. पेरलेलं क्षेत्र, लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी आणि मुख्य म्हणजे न उगवण्याचं कारण त्यात आलं पाहिजे. कारणच लिहिलं नसेल तर विक्रेता सगळं पावसावर ढकलतो. सोयाबीनसाठी किमान 70 टक्के उगवणशक्तीचं प्रमाण ठरलेलं आहे.

समितीचा अहवाल हा पुरावा. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागतं. पीक बाजारात विकता म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलंय. तपासणीसाठी बियाणं राखून ठेवलं नाही, एवढ्यावरून तक्रार बुडत नाही, हेही त्याच निकालात आहे.

तक्रारीसोबत शपथपत्र, पक्कं बिल, थैली व टॅग, पंचनामा, सातबारा, वावराचे फोटो आणि विक्रेता व कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पाठवलेल्या नोटिशीची प्रत जोडा. कच्च्या चिठ्ठीवर बियाणं घेऊच नका. बिलावर वाण आणि लॉट नंबर हवाच.

कंपनी हैदराबादची असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालते. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत 2 वर्षं. वकील सक्तीचा नाही. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या तक्रारदारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळू शकतो. अर्ज ई-जागृती पोर्टलवरही भरता येतो, आधी सल्ला हवा असेल तर 1915 वर फोन करा. पैसे परत, माल बदलून, नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च, जे हवं ते मागणीत स्पष्ट लिहा.

पुन्हा विकण्यासाठी माल घेणाऱ्याला मात्र हा रस्ता नाही. समजा, गावातल्या दुकानदाराने ठोक व्यापाऱ्याकडून 3,000 रुपये क्विंटलने 20 क्विंटल सरकी ढेप ठरवली, भाव चढला आणि व्यापारी फिरला. माल द्यायच्या दिवशी बाजारभाव 3,400 असेल, तर वस्तू विक्री अधिनियम, 1930 प्रमाणे फरकाचे 8,000 रुपये आणि दिलेला इसार दिवाणी न्यायालयात मागता येतो. तिथे मुदत 3 वर्षं.

आयोगाचा निकाल विरोधात गेला तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करा; विदर्भासाठी नागपूरला खंडपीठ आहे. निकाल बाजूने लागूनही विक्रेता पैसे देत नसेल तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्या. आदेश न पाळणाऱ्याला 1 महिना ते 3 वर्षं कैद, किमान 25,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.