झुंबराचा रंग कुठला, लेन्सचा कुठला?

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जाऊन दरबार हॉलमधल्या दोन झुंबरांचा फोटो न काढता परतणारा पाहुणा विरळाच. जयाजीराव शिंद्यांचा हा राजवाडा १८७४ सालचा. झुंबरं प्रत्येकी सुमारे ३.५ टनांची, आणि ती टांगण्याआधी छताची ताकद बघायला वर हत्ती चढवले होते, अशी गोष्ट सांगतात.

हे फोटो मोठे करून पाहिले, की झुंबराच्या लोलकांत तांबडे, पिवळे, हिरवे कण चमकताना दिसतात. शिवाय उजेडाने पांढऱ्याफटक झालेल्या खिडकीच्या कडेला एक जांभळी किनार दिसते. झुंबराचे रंग खरे आहेत, हॉलमध्ये उभं राहून डोळ्यांनाही दिसतात. खिडकीची जांभळी किनार मात्र हॉलमध्ये नसतेच. ती कॅमेऱ्यात तयार होते.

दोन्हींचं मूळ एकच: काचेतून जाताना जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो. लोलकात त्यामुळे रंग सुटे होतात आणि आपण खूश होतो. लेन्समध्ये तेच घडलं, की प्रत्येक रंग वेगळ्या अंतरावर एकवटतो. साध्या क्राउन काचेचं ५० मिलिमीटरचं एकच भिंग घेतलं, तर निळ्या आणि तांबड्या प्रकाशाच्या नाभींत (प्रकाश एकवटतो त्या जागांत) पाऊण मिलिमीटरहून जास्त अंतर पडतं. कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सर एकाच जागी बसवलेला; तिथे एक रंग रेखीव उमटला तर दुसरा पसरट उमटणारच.

भिंगाचा हा दोष जाणार नाही असं वाटल्यामुळे न्यूटनने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली. पण चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाने पुढच्या शतकात दोन काचांची जोडी जमवली आणि जॉन डॉलंडने १७५८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. क्राउन काचेचं बहिर्गोल भिंग आणि त्याला लागून फ्लिंट काचेचं अंतर्गोल भिंग. फ्लिंट म्हणजे शिसं घातलेली काच. ती रंग जास्त फाकवते, म्हणूनच उंची झुंबरांच्या लोलकांसाठी शिशाची काच पसंत केली जाई. जी काच झुंबरात रंग उधळते, तिच्याच जातीची काच लेन्समध्ये रंग परत एकत्र आणते! प्रकाशशास्त्रातली ही मला सर्वांत देखणी युक्ती वाटते.

तरी जोडी जुळवते ते दोनच रंग. वर्णपटाच्या जांभळ्या टोकाला काचेचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची ताकद) झपाट्याने वाढतो, त्यामुळे तो प्रकाश थोडा नाभीबाहेर राहून पसरतो. एरवी हा पसारा इतका फिका असतो की दिसतही नाही. पण खिडकीबाहेरचं आकाश आतल्या चौकटीपेक्षा हजार पट उजळ असेल आणि त्यातला हजारावा भाग जरी चौकटीवर सांडला, तरी तो चौकटीच्या स्वतःच्या उजेडाइतका होतो. खिडकीच्या मधोमध सगळे रंग भरून पांढरे झालेले असतात, म्हणून तिथे दोष झाकला जातो. कडेला तो उघडा पडतो. किल्ल्यावर सासबहू मंदिराच्या खांबांमागे मे महिन्यातलं आकाश घेऊन फोटो काढा, तिथेही हेच दिसेल. पिवळ्या बल्बच्या उजेडात जांभळा भाग मुळातच कमी, म्हणून तिथे त्रास कमी.

त्यात सेन्सर भर घालतो. ब्राइस बेयरने कोडॅकमध्ये असताना पेटंट घेतलेल्या (१९७६) मांडणीत सेन्सरचा प्रत्येक ठिपका एकच रंग टिपतो: निम्मे ठिपके हिरव्याचे, उरलेले तांबड्या-निळ्याचे. दिवसाच्या उजेडात हिरवे ठिपके आधी भरतात, म्हणजे त्यांना आणखी उजेड मोजता येत नाही. मग पांढरा रंग जुळवताना तांबडा आणि निळा वाढवले जातात, हिरवा मात्र भरल्या जागीच अडकलेला. सॉफ्टवेअरने सांभाळून घेतलं नाही, तर असा ठिपका गुलाबी-जांभळा होतो.

रंग कुणाचा हे ओळखायचं असेल तर जागेवरच एक पाऊल बाजूला सरका. लोलकातला हिरवा कण तांबडा होईल किंवा विझेल. कॅमेऱ्याची किनार उजळ कडेला तशीच चिकटून राहील. दिव्यांच्या रांगेत मधल्या दिव्यावर फोकस केला, तर बहुधा अलीकडच्या दिव्यांना जांभळी आणि पलीकडच्यांना हिरवट किनार येते. हे लेन्सचंच काम. फोटोच्या कोपऱ्यांत कडेच्या एका बाजूला तांबडी आणि दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवी रेघ दिसली, तर तो वेगळा दोष: रंगांच्या प्रतिमा लहानमोठ्या उमटल्यात. सॉफ्टवेअर एकेका रंगाची प्रतिमा ताणून तो सहज दुरुस्त करतं.

जांभळ्या किनारीवर पहिला उपाय कॅमेऱ्यातच करावा. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक, एफ १.८ वरून लहान करून एफ ५.६ वर आणलं, की पसरट प्रकाशाचा घेर आवळतो. एक्स्पोजर एक स्टॉप कमी ठेवलं, म्हणजे उजेड निम्माच घेतला, तर खिडकी पांढरीफटक होत नाही. एवढं करूनही किनार उरलीच तर सॉफ्टवेअरमधलं डीफ्रिंज, म्हणजे किनार पुसणारं साधन. पण ते सबंध फोटोवर फिरवू नका. सॉफ्टवेअर कडेचा जांभळा रंग बघून तो पुसतं. तो लेन्सचा, लोलकाचा की झुंबराखाली उभ्या असलेल्या मावशींच्या जांभळ्या पैठणीच्या काठाचा, हे त्याला कळत नाही. ब्रश घेऊन फक्त खिडकीच्या कडेवरून फिरवा आणि झुंबराला हात लावू नका.