खटला टीव्हीवर दिसत नाही

आमच्याकडे रात्री जेवताना बातम्या चालू असतात आणि एखादी भयंकर केस आली की आई हातातला घास तसाच धरून म्हणते, "असल्यांना भर चौकात लटकवायला पाहिजे." मीही हो ला हो करायचो. मग यावर थोडं वाचलं आणि जरा पंचाईत झाली.

अमेरिकेत जॉर्ज गर्बनर नावाचे प्रोफेसर होते, त्यांनी १९७० च्या दशकात टीव्ही जास्त बघणारे आणि कमी बघणारे यांची तुलना केली, तर जास्त बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटत होतं. खून टीव्हीवर रोज होतो, आपल्या गल्लीत होत नाही, पण मेंदूचा हिशोब कच्चा, जे पटकन आठवतं तेच सारखं घडतं असं तो धरून चालतो. आता यावर आक्षेपही आले. १९७९ मध्ये टोरांटोतल्या एका अभ्यासात दिसलं की माणूस राहतो त्या भागातले खरे गुन्हे धरले की टीव्हीचा परिणाम बराच फिका पडतो. म्हणजे सगळं खापर टीव्हीवर फोडून मोकळं होता येत नाही.

पण गॅलप या अमेरिकेतल्या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेचे आकडे बघा. फाशीच्या बाजूने १९६६ मध्ये ४२% अमेरिकन होते, १९९४ मध्ये ८०%. मधल्या काळात गुन्हे खरंच वाढले होते हे मान्य, पण १९९१ नंतर ते उतरायला लागले होते, तरी पाठिंबा टोकाला पोचला १९९४ मध्येच! आणि २०१९ मध्ये प्रश्न जरा बदलून विचारला, की फाशी की पॅरोल नसलेली जन्मठेप, तर ६०% लोक म्हणाले जन्मठेप. हा दुसरा पर्याय बातम्यांच्या पट्टीवर कधी वाचलाय? मी तरी नाही.

१९७६ चा अजून एक प्रयोग आहे, मॅसॅच्युसेट्समधला. लोकांना फाशीबद्दल माहिती वाचायला दिली, तिने गुन्हे खरंच कमी होतात का, ती कोणाला होते वगैरे, आणि बऱ्याच जणांचा पाठिंबा ढिला पडला. ज्यांना बदलाच हवा होता ते मात्र ढिम्म. रागावर माहितीचा उतारा चालत नाही बहुतेक.

आपल्याकडची नाशिकजवळची २००३ ची केस घ्या. दरोडा, बलात्कार, खून. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. तोवर सोळा वर्षं आत गेली होती. जिवंत वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघं ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता.

हे आईला सांगितलं. तिने टीव्हीचा आवाज बारीक केला आणि विचारलं, "मग ते चौघं कुठायत?"