चामड्याचं चिलखत आणि चोराची ५० वर्षं

नाशिकच्या कॉलेज रोडवर आम्ही दर रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो : प्रत्येकाने एक कॅरेक्टर घ्यायचं आणि फाशांच्या जोरावर कल्पनेतली साहसं करायची. त्या टेबलावर नवं कुणी आलं की बहुतेक वेळा एकच मागणी असते : 'बहिर्जी नाईकांसारखं कॅरेक्टर करायचंय.' हलकं, चपळ, कुणाच्या नजरेत न येणारं. मग पहिली मारामारी सुरू होते आणि तेच कॅरेक्टर दारात एकटं उभं राहून चौघांशी लढायला लागतं. मनात बहिर्जी, खेळतात मात्र बाजीप्रभू. अंगावर चामड्याचं चिलखत घेऊन खिंड लढवता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कॅरेक्टर आडवं होतं आणि 'हा चोराचा क्लासच (म्हणजे कॅरेक्टरचा पेशाच) कमजोर आहे' असं ठरून जातं. तो कमजोर नाही. पण कमजोर का वाटतो याचं उत्तर त्याच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास मला फार जवळचा आहे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' पहिल्यांदा बाजारात आला, तेव्हा त्यात क्लास तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (देवाच्या बळावर लढणारा पुजारी). चोर नव्हताच. कुलूप उघडायचं, सापळा शोधायचा, तर खेळाडू काय काय करतोय ते तोंडाने सांगायचा आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, निकाल द्यायचा. चोर आला तो कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकामधून. तिथल्या 'एरो हॉबीज' या दुकानात जमणाऱ्या मंडळींनी स्वतःसाठी हा क्लास खेळायला घेतला होता. दुकानाचे मालक गॅरी स्विट्झर यांच्याकडून गायगॅक्सना तो फोनवर कळला. गायगॅक्सनी आपल्या पद्धतीने त्याचे नियम लिहिले, ते त्याच वर्षी जूनमध्ये एका छोट्या वार्तापत्रात छापले आणि १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत चोर रीतसर खेळात दाखल झाला. चौथा क्लास असा खेळणाऱ्यांच्या टेबलावरून वर गेला, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

पण नियमांनी त्याला दिलं काय? ग्रेहॉकमध्ये लढवय्याच्या हिट पॉइंट्ससाठी (किती मार सोसता येईल त्या आकड्यासाठी) आठ बाजूंचा फासा, चोराला जादूगारासारखा चार बाजूंचा. चिलखत फक्त चामड्याचं, ढाल नाही. बदल्यात पाठीमागून वार केला तर नेम लागायला ४ ची भर आणि दुप्पट इजा. शिवाय लपणं, चाहूल न देता चालणं, कुलूप उघडणं ही कौशल्यं टक्केवारीत. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये फासा सहा बाजूंचा झाला, पण टक्केवारी बघा : पहिल्या लेव्हलला (अनुभवाच्या पहिल्या पायरीवर) सावलीत लपण्याची शक्यता १० टक्के, आवाज न करता चालण्याची १५, कुलूप उघडण्याची २५.

हे कागदावर वाचून उमगत नाही. मागच्या पावसाळ्यात आम्ही मुद्दाम ते जुने नियम काढून खेळलो. आमच्यातल्या एकीने चोर केली, नाव ठेवलं हिरकणी. वाटेत गॉब्लिन या खुज्या राक्षसांचा पहारा. 'दादा, मी भिंतीच्या सावलीत लपते.' म्हटलं, टाक. तिने दहा बाजूंचे दोन फासे टाकले, एक दशकाचा, एक एककाचा. ४३. दहा किंवा त्याहून कमी यायला हवे होते. तिचे हिट पॉइंट्स तीन, गॉब्लिनचा वार पाचाचा. हिरकणी खाली. टेबलावर क्षणभर कुणी बोललं नाही. ज्या एका गोष्टीसाठी हा क्लास घ्यायचा, तीच दहातल्या नऊ वेळा जमणार नाही, असे ते नियम होते.

एकच कौशल्य पहिल्या दिवसापासून खणखणीत होतं : भिंत चढणं, ८५ टक्के. नाव हिरकणी ठेवलं होतं, तेवढं तरी सार्थ झालं असतं.

टक्केवारीने आणखी एक नुकसान केलं, असं मला वाटतं. 'चाहूल न देता चालणं' हे चोराच्या नावावर चढलं, तसं बाकीच्यांनी ते करून बघणंच सोडलं. जे आधी सगळ्यांचं होतं ते एकाचं झालं, आणि त्या एकालाही ते धड जमत नव्हतं.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत चोर आणि बार्ड (भाट) यांना एका गटात घालून त्या गटाला 'रोग' (rogue) हे नाव दिलं. (देवनागरीत वाचलं की आजारच आठवतो, म्हणून आम्ही आजही 'चोर'च म्हणतो.) खरं वळण आलं २००० साली, तिसऱ्या आवृत्तीत. हलकेपणाचा हिशोब तिथे पहिल्यांदा चोख मांडला गेला. प्रत्येक चिलखतात अंगची चपळाई किती वापरता येईल याला मर्यादा आली. पूर्ण पोलादी चिलखताचं संरक्षण ८, पण चपळाईतून मिळणार जास्तीत जास्त १. चामड्याचं संरक्षण २, पण चपळाईतून ६ पर्यंत. वर पोलाद घालून चढायला किंवा लपायला गेलात तर फाशातून ६ वजा, चामड्यात काहीच वजा नाही. पाठीतल्या वाराची जागा 'स्नीक अटॅक'ने घेतली. आता शत्रूच्या मागे लपून पोचण्याची सक्ती नव्हती. साथीदार समोरून, तुम्ही विरुद्ध बाजूने, असा शत्रू कात्रीत सापडला तरी पुरे. टक्केवारीच्या नशिबाकडून कुठे उभं राहायचं या अकलेकडे हा क्लास वळला तो इथे.

इथे मला बाळंभटदादा देवधरांची आठवण होते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दांडगे पैलवान आव्हान देत आले, बाळंभटांनी सप्तशृंगगडावर उपासना केली, मारुतीने लाकडी खांबावरची विद्या दाखवली आणि त्या जोरावर त्यांनी अलीला चीत केलं, अशी मल्लखांबाच्या जन्माची परंपरागत कथा आहे. गड आमच्याच जिल्ह्यातला. खांबावरच्या पोराला लंगोटापलीकडे काही लागत नाही. त्याचं सगळं रक्षण पकड आणि पलटीत असतं. तिसऱ्या आवृत्तीने हेच आकड्यांत लिहिलं.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ते आणखी सोपं झालं. पूर्ण पोलादी चिलखत म्हणजे आर्मर क्लास (वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा) १८, चपळाई अजिबात धरत नाहीत, वजन ६५ पौंड, किंमत १५०० सुवर्णमुद्रा, आणि लपताना हमखास अडचण. खिळे ठोकलेलं चामडं म्हणजे १२ अधिक चपळाई. चपळाई २० पर्यंत नेली की तिची ५ ची भर पडून १७. किंमत फक्त ४५. एका अंकाचा फरक! दुसऱ्या लेव्हलपासून 'कनिंग ॲक्शन' मिळते : वार करून त्याच फेरीत निसटायचं, धावायचं किंवा लपायचं. पाचव्या लेव्हलला एका वाराची इजा निम्मी करता येते. आणि शत्रूच्या पाच फुटांत आपला एखादा साथीदार धड उभा असेल, तर लपलेले नसतानाही स्नीक अटॅक लागू होतो. पहिल्या लेव्हलला इजेसाठी सहा बाजूंचा एक फासा जादा, एकोणिसाव्याला दहा.

जुन्या नियमांवर गेलेली आमची हिरकणी आता याच आवृत्तीत पुन्हा उभी केली आहे, सध्या चौथ्या लेव्हलला. आपली पाळी आली की ती आधी नकाशावर वाकून चौकोन मोजते, मग लढवय्या खेळणाऱ्याला विचारते, 'तू त्याच्या शेजारीच थांबणार ना?' तो हो म्हणाला की मगच फासा उचलते.