लांघणज ते राखीगढी: हाडांची विचारपूस

बडोद्यातली मराठी माणसं इथे कशी आली, हे कळायला डीएनए लागत नाही. गायकवाडांच्या फौजेमागून कारकून, कारभारी आले, दांडिया बाजारात बिऱ्हाडं थाटली. दप्तरात सगळं आहे. दप्तरांच्या आधी कोण कुठून आलं, ते मात्र हाडांनाच विचारावं लागतं.

गुजरातेत हा खटाटोप जुना आहे. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८९० च्या दशकात बडोदे संस्थानासाठी पाहणी करताना साबरमतीच्या खोऱ्यात दगडी हत्यारं मिळाली. पुढे १९४० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे मेहसाण्याकडच्या लांघणजला पोचले. तिथल्या वाळूच्या टेकाडात पाय दुमडून पुरलेले मध्याश्मयुगीन सांगाडे निघाले. तेव्हाचं शास्त्र कवटीची लांबी-रुंदी मोजून वंश ठरवायचं. इरावतीबाईंनी बर्लिनला प्रबंधच कवट्यांवर केला होता आणि त्यात गोऱ्यांची श्रेष्ठता काही सापडेना! कवटीच्या मापावरून स्थलांतर शोधणं किती लंगडं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

१९५० मध्ये सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व विभाग उघडला. नागवाडा, बगसरा अशी हडप्पाकालीन ठिकाणं त्याने खणली.

जुन्या हाडांतून डीएनए काढणं १९८० च्या दशकात सुरू झालं, पण आपल्याकडच्या उष्ण, दमट मातीत त्याचे तुकडे तुकडे होतात. कानाच्या आतल्या भागाभोवतीचं दगडासारखं कठीण हाड त्यातल्या त्यात तग धरतं, हे २०१४-१५ च्या सुमारास ध्यानात आलं आणि काम मार्गी लागलं. तरी हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीतले हाडांचे ६१ नमुने तपासले, त्यातून एकाच स्त्रीचा डीएनए हाती लागला, तोही शंभराहून अधिक खेपा घालून. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. तिच्यात युरेशियातल्या गवताळ स्टेपी प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता; आर्य तिथून आले, असं एक मत आहे.

लगेच 'आर्य आले' आणि 'आलेच नाहीत' म्हणणाऱ्या दोघांनीही विजयाचे पेढे वाटले. एकट्या बाईवर इतकी भिस्त ठेवणं मला तरी पटत नाही. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या शोधनिबंधात तुर्कमेनिस्तानातलं गोनूर आणि इराणमधलं शहर-ए-सोख्ता इथल्या ११ जणांचा वंशमेळ तिच्याशी जुळला. त्यांच्यातही स्टेपीचा अंश नाही. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास पुरलेल्या माणसांत मात्र तो दिसतो.