पाळणाघराचा खर्च परवडत नसेल तर: कोण पात्र, अर्ज कुठे, कागद कोणते

प्रसूती रजेचे शेवटचे पंधरा दिवस उरले की बहुतेक घरांत एकच हिशेब सुरू होतो. बाळाला सांभाळायला कोण, आणि त्याचे किती? सासूबाई गावी, आईचे गुडघे धरलेले, शेजारच्या काकू पाळणाघर चालवतात पण त्यांच्याकडे जागा नाही. जवळचं डे-केअर गाठावं तर दर महिन्याची फी, वर प्रवेश शुल्क, अनामत, खाऊचे वेगळे, संध्याकाळी न्यायला उशीर झाला तर तासावर दंड. बारा-पंधरा हजार पगाराच्या बाईने ही बेरीज केली की हातात उरतं ते बस आणि रिक्षाच्या भाड्यापुरतं. मग ती म्हणते, त्यापेक्षा घरीच बसते. माझ्या ओळखीतल्या तिघींनी अशाच नोकऱ्या सोडल्या. त्यातल्या एकीला कायद्याने पाळणाघराची सोय मिळायला हवी होती, हे तिला नोकरी सोडल्यावर कळलं. तिच्यामुळेच हे सगळं एका जागी लिहून काढतेय.

आधी रजेचं गणित

पहिल्या दोन मुलांसाठी पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे. अट एवढीच, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम केलेलं असावं. या २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. इथेच बऱ्याच जणी फसतात. आधीच आठ आठवडे घेतले तर मागे १८ उरतात, म्हणजे कामावर परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. सरकारी पाळणाघरात मात्र सहा महिने पूर्ण झालेलं मूलच घेतात. मधल्या दोन महिन्यांसाठी खासगी पाळणाघर, बिनपगारी रजा किंवा कोणाची तरी मनधरणी, एवढेच मार्ग राहतात. डॉक्टरांची हरकत नसेल आणि तब्येत साथ देत असेल तर रजेचा मोठा भाग बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवा. दोन मुलं हयात असताना तिसरं झालं तर रजा १२ आठवड्यांचीच मिळते, तेव्हा तर ही आखणी आणखी आधी करावी लागते.

तुमच्या कामाच्या ठिकाणी ५० माणसं आहेत का?

पहिला प्रश्न हाच विचारा. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय त्या वर्षीच्या १ जुलैपासून बंधनकारक झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि तिच्यातही ५० कर्मचाऱ्यांची हीच अट आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही ५० किंवा अधिक कामगार असतील तर पाळणाघर सांगितलेलं आहे.

ही संख्या सगळ्या कर्मचाऱ्यांची आहे, फक्त बायकांची नाही. जुन्या कारखाना कायद्यात ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर, अशी अट होती. ती डोक्यात ठेवून आजही काही ठिकाणी सांगतात, ‘आपल्याकडे लेडीज स्टाफ कमी आहे, आपल्याला लागू नाही.’ हे उत्तर मान्य करू नका.

मालकाने स्वतःच्या आवारातच खोली बांधावी असंही नाही. चार आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवलं, किंवा सरकारच्या, नगरपालिकेच्या, स्वयंसेवी संस्थेच्या किंवा खासगी पाळणाघराशी करार केला, तरी कायद्याला ते चालतं. छोट्या औद्योगिक वसाहतीत हा मार्ग खरोखर जमण्यासारखा आहे. शेजारच्या युनिटमधल्या बायकांशी बोलून एकत्र मागणी केलीत तर मालकांनाही खर्च वाटून घेता येतो. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं, हेही कायद्यातच आहे. त्यात विश्रांतीची वेळ धरलेली आहे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळतात, त्या वेगळ्या.

मागणी तोंडी करू नका. तोंडी मागणीचं उत्तर तोंडीच मिळतं आणि हवेत जातं. साधा अर्ज पुरतो:

*प्रति, व्यवस्थापक (मनुष्यबळ विभाग). विषय: पाळणाघराची सुविधा मिळण्याबाबत. महोदय/महोदया, मी आपल्या आस्थापनेत (तारीख) पासून (पदावर) काम करते. माझ्या बाळाचा जन्म (तारीख) रोजी झाला असून माझी प्रसूती रजा (तारीख) रोजी संपत आहे. आपल्या आस्थापनेत ५० पेक्षा अधिक कर्मचारी असल्याने कायद्यानुसार पाळणाघराची सुविधा मिळावी, ही विनंती. ही सुविधा कोठे व कोणत्या वेळेत उपलब्ध आहे, हे १५ दिवसांत लेखी कळवावे. आपली विश्वासू, (नाव, कर्मचारी क्रमांक, सही).*

सोबत बाळाच्या जन्मदाखल्याची प्रत, नियुक्तीपत्राची किंवा ओळखपत्राची प्रत आणि रजा मंजुरीचं पत्र जोडा. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज कार्यालयाच्या ईमेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टानेही टाका. रजा संपायच्या दोन महिने आधी हे झालेलं बरं.

उत्तर आलं नाही, किंवा नकार आला, तर ती पोच घेऊन जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. काम कारखान्यात असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जा. बँका, रेल्वे, खाणी यांसारख्या केंद्राच्या अखत्यारीतल्या ठिकाणांसाठी केंद्रीय कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. एकटीचं नाव पुढे येण्याची भीती वाटणं साहजिक आहे. तिघी-चौघींनी सही केली, किंवा युनियनच्या लेटरहेडवर अर्ज दिला, तर ती भीती बरीच कमी होते.

सरकारचं पाळणाघर: ‘पाळणा’ योजना

आता ज्यांना मालकच नाही त्यांच्याबद्दल. धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, शिलाईचं काम घरी आणणाऱ्या, शेतमजुरीला जाणाऱ्या बायका. त्यांच्यासाठी अंगणवाडी आहेच, पण ती काही तासांचीच. अकराला पोर आणायला जायचं तर कामावर कधी जायचं?

अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना आपल्याच मातीतली. पालघरच्या बोर्डी-कोसबाड भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं, की वारली मुलं बालवाडीत येत नाहीत. मग त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मुलाला शाळेपर्यंत आणण्यापेक्षा सोय त्याच्या दारात न्यायची, ही ती दृष्टी. पाळणाघराच्या बाबतीत ती अजून पुरती उतरलेली नाही. पण सुरुवात झाली आहे.

केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखाली, २०२२ पासून, जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं रूपांतर ‘पाळणा’ योजनेत झालं. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, अशी ही रचना आहे. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. महाराष्ट्राने २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात ३४५ केंद्रं मंजूर केली. राज्यातल्या अंगणवाड्या लाखाच्या घरात आहेत, त्यापुढे हा आकडा फारच तोकडा आहे. म्हणून आधी चौकशी, मग बाकीचं.

पात्रता सोपी आहे. मूल सहा महिने ते सहा वर्षांचं असावं. आई नोकरीच करते असं सिद्ध करायची गरज नाही, ही या योजनेतली सगळ्यात मोठी सुधारणा. जुन्या योजनेचं नावच ‘नोकरदार मातांच्या मुलांसाठी’ असं होतं. घरकाम करणाऱ्या बाईने नोकरीचा दाखला आणायचा कुठून? आता तो प्रश्न उरला नाही. केंद्र महिन्यातले २६ दिवस, रोज साडेसात तास चालतं. एका केंद्रात जास्तीत जास्त २५ मुलं, एक पाळणा सेविका आणि एक मदतनीस. सकाळचा नाश्ता, दुपारचं गरम जेवण आणि संध्याकाळचा खाऊ मिळतो, तीन वर्षांवरच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण मिळतं, आणि वाढीची नोंद व आरोग्य तपासणीही होते.

अर्जासाठी मोठं कार्यालय गाठायची गरज नाही. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेला विचारा, जवळ पाळणा केंद्र कुठे आहे. तिला ठाऊक नसेल तर पर्यवेक्षिकेला, आणि तिथेही उत्तर मिळालं नाही तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला भेटा. गावाकडे हे कार्यालय बहुधा पंचायत समितीच्या आवारात असतं, शहरात नागरी प्रकल्पाचं वेगळं असतं. जाताना ही तयारी ठेवा:

- बाळाचा जन्मदाखला
- माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे लसीकरणाच्या नोंदी असलेलं पुस्तक
- आईचं आधार, आणि बाळाचं काढलेलं असेल तर तेही
- पत्त्यासाठी रेशनकार्ड, वीजबिल किंवा भाडेकरार
- बाळाचे आणि पालकांचे फोटो
- मूल न्यायला येणाऱ्या माणसांची नावं, फोन नंबर आणि फोटो
- ॲलर्जी, फिट, दमा असं काही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी

अडतं ते बहुधा जन्मदाखल्यावर. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर ती नोंद दवाखान्यातूनच जाते, आपण फक्त नाव घालून दाखला आणायचा असतो. वर्ष उलटून गेलं तर मात्र दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि फेऱ्या वाढतात. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारसाठी बोटांचे ठसे घेत नाहीत, आईवडिलांपैकी एकाचं आधार आणि जन्मदाखला पुरतो.

जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिना २० रुपये, मासिक उत्पन्न १२ हजारांपर्यंत असेल तर १०० आणि त्यापुढे २०० रुपये आकारत. सरकारी पाळणाघराची फी कोणत्या पातळीची असते, ते यावरून कळेल. आज कोणत्याही केंद्रात पैसे मागितले तर दर कोणत्या आदेशाने ठरला ते विचारा आणि पावती घ्या.

जवळपास केंद्रच नसेल तर? तरीही अर्ज द्या. वस्तीतल्या दहा-पंधरा आयांची नावं, मुलांची वयं आणि कामाच्या वेळा लिहून तो कागद प्रकल्प अधिकाऱ्याला द्या, एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा नगरसेवकाला. पुढची केंद्रं कुठे द्यायची हे ठरतं तेव्हा लेखी मागणी असलेली वस्ती निदान समोर तरी असते.

बांधकामावर, वसतिगृहात

५० पेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या बांधकामावर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळायला बाई द्यायची, असं १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यात सांगितलं होतं. नव्या संहितेनेही पाळणाघराची तरतूद ठेवली आहे. साइटवर मुकादमाने ‘इथे तसं काही नसतं’ म्हटलं तरी मागणी कायद्याचीच आहे.

शहरात एकटीने मुलासह राहून नोकरी करणाऱ्या बाईने सखी निवासची, म्हणजे नोकरदार बायकांसाठीच्या सरकारी योजनेतल्या वसतिगृहाची, चौकशी जरूर करावी. महानगरात एकूण मासिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत आणि इतरत्र ३५ हजारांपर्यंत असेल तर ती पात्र ठरते. तिथल्या पाळणाघराची फी आईच्या पगाराच्या ५ टक्के किंवा प्रत्यक्ष खर्च, यांतलं जे कमी असेल त्याहून जास्त घेता येत नाही. कागद म्हणून पगारपत्रक किंवा मालकाचं पत्र, आधार आणि मुलाचा जन्मदाखला लागतो.

एकटी आई असेल तर बालसंगोपन योजना

‘बालसंगोपन’ नावाच्या दोन गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होते. एक म्हणजे राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांची १८० दिवसांची बालसंगोपन रजा. दुसरी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. इथे दुसरीबद्दल बोलतेय.

वडील वारले, सोडून गेले, घटस्फोट झाला, तुरुंगात आहेत, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले, अशा परिस्थितीतल्या १८ वर्षांखालच्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये खात्यात जमा होतात. पाळणाघरातल्या काकूंची फी बऱ्याच गावांत यातून निघते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. पुढे गृहभेट होते आणि बाल कल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जावं लागतं. लागणारे कागद असे: मुलाचं व पालकाचं आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, आणि परिस्थितीनुसार मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश. घरासमोर मुलासह काढलेला फोटोही मागतात.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात आजच अर्ज करा, कारण बाकी सगळं गोळा झालं तरी तोच कागद मागे राहतो. अर्जाची पावती घ्या. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. या योजनेत पैसे मिळवून देतो म्हणणारे दलाल बरेच फिरतात. फॉर्मला पैसे पडत नाहीत.

खासगी पाळणाघरच घ्यावं लागलं तर

फी ठरवताना महिन्याचा आकडा ऐकून थांबू नका. सुट्टीच्या महिन्यात फी पूर्ण लागते का, अनामत परत मिळते का, आजारी पडलं म्हणून आठवडाभर न पाठवलं तर काय, हे लेखी घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एका बाईकडे किती मुलं आहेत, ते स्वतः जाऊन मोजा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दहा मुलांमागे एक असं प्रमाण आहे. पावती मात्र दर महिन्याला मागून घ्या. जुन्या कररचनेत असाल तर प्ले-स्कूल आणि नर्सरीची शिक्षणाची फी (ट्यूशन फी) दोन मुलांपर्यंत दीड लाखाच्या वजावटीत धरता येते. नुसत्या सांभाळण्याची फी तिच्यात बसत नाही, म्हणून एकाच जागी दोन्ही असेल तर पावतीवर दोन रकमा वेगळ्या लिहून घ्या.