श्रॅपनेल, हेन्री

श्रॅपनेल, हेन्री : (3 जून 1761 – 13 मार्च 1842). ब्रिटिश तोफखान्यातील लेफ्टनंट जनरल व हवेत फुटणाऱ्या छर्ऱ्याच्या तोफगोळ्याचा जनक. जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथे. 1779 मध्ये रॉयल आर्टिलरीत सेकंड लेफ्टनंट. न्यू फाउंडलंड येथील चाकरीनंतर 1784 मध्ये तो इंग्लंडला परतला आणि त्याच सुमारास त्याने स्वखर्चाने प्रयोगांना हात घातला. 1787 मध्ये तो जिब्राल्टर या स्पेनच्या दक्षिण टोकाच्या ब्रिटिश ठाण्यावर गेला.

त्या काळी समोरून चालून येणाऱ्या पायदळावर पत्र्याच्या डब्यात भरलेल्या छर्ऱ्यांचा मारा करीत. डबा तोफेच्या तोंडाशीच फुटे व छर्रे लगेच पांगत. त्यामुळे तीनएकशे मीटरपलीकडे त्याचा फारसा उपयोग नसे. श्रॅपनेलने पातळ कवचाच्या पोकळ लोखंडी गोळ्यात बंदुकीच्या गोळ्या व कवच फोडण्यापुरतीच दारू भरली. लाकडी नळीतील वात अंतर पाहून कापायची, म्हणजे गोळा शत्रूच्या किंचित अलीकडे व वर हवेत फुटतो. दारूचे काम येथे संपते. छर्रे पुढे जातात ते मूळ गोळ्याच्या वेगाने. श्रॅपनेलच्या कल्पनेचे मर्म हेच आहे.

या शोधाच्या अग्रक्रमाबद्दल वाद आहे. सोळाव्या शतकात आउग्सबुर्कच्या सॅम्युएल झिमरमान याने अशाच गोळ्याचे वर्णन केले होते, असा जर्मन अभ्यासकांचा दावा आहे. दुसरा दावेदार खुद्द जिब्राल्टरचाच. स्पेन व फ्रान्स यांनी घातलेल्या 1779–83 च्या वेढ्यात ब्रिटिशांच्या 39 व्या पलटणीच्या कॅप्टन मर्सिए याने उखळी तोफेचे 5½ इंची गोळे आखूड वात लावून 24 पौंडी तोफांतून डागण्याची युक्ती सुचवली आणि ते गोळे स्पॅनिश कामगारांच्या डोक्यावर फुटले. वेढा उठल्यावर काही वर्षांनी श्रॅपनेल तेथे पोचला, तेव्हा ही हकीकत त्याच्या कानी आलीच असणार. तरी मर्सिएच्या गोळ्यात छर्रे नव्हते, फुटलेले कवचच घाव घाली. आणि झिमरमानच्या वर्णनापासून श्रॅपनेलपर्यंत कोणताही धागा दाखवता येत नाही. म्हणून श्रेय श्रॅपनेलकडेच ठेवणे रास्त ठरते. 1787 मध्ये जिब्राल्टरला त्याने प्रात्यक्षिक दाखवले. 8 इंची उखळी तोफेच्या त्या गोळ्यात 200 छर्रे होते.

1793 मध्ये फ्लँडर्सच्या मोहिमेत तो जखमी झाला. डंकर्कहून माघार घेताना तोफगाड्यांची चाके जखडून तोफा वाळूवरून घसरत न्याव्यात, ही युक्ती त्याची असे सांगतात. 1803 मध्ये लष्कराने गोळा स्वीकारला. 1804 मध्ये दक्षिण अमेरिकेतील सुरिनामच्या स्वारीत तो प्रथम लढाईत वापरला गेला. त्याच वर्षी श्रॅपनेल लेफ्टनंट कर्नल व तोफखान्याचा सहायक निरीक्षक झाला. आर्थर वेलस्लीने (आसईच्या लढाईतील इंग्रज सेनापती, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) 1808 मध्ये पोर्तुगालमधील व्हिमेरो येथे या गोळ्याची प्रशंसा केली. मात्र 1810 च्या बुसाकोच्या लढाईतील जखमा पाहून छर्रे फार लहान असल्याची शंकाही त्याला आली. 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर तेथील ब्रिटिश तोफखान्याचा प्रमुख सर जॉर्ज वुड याने ला ए सँत ही वाडी परत मिळवण्याचे मोठे श्रेय या गोळ्याला दिले.

पदरचे हजारो पौंड खर्चून बसलेल्या श्रॅपनेलला 1814 मध्ये सालिना 1,200 पौंडांचे तहहयात वेतन मिळाले. ती भरपाई पुरेशी नव्हती, असेच म्हणावे लागते. पल्ल्यांची कोष्टके व नेमासाठी पितळी पट्टी हीसुद्धा त्याची कामे. 1819 मध्ये तो मेजर जनरल व 1837 मध्ये लेफ्टनंट जनरल झाला. चौथा विल्यम राजा त्याला बॅरोनेट (वंशपरंपरागत ‘सर’ किताब) करणार होता असे म्हणतात, पण ते घडले नाही. साउदॅम्प्टन येथे त्याचे निधन झाले.

मूळ गोळ्यात एक दोष होता. दारू व छर्रे एकत्र असल्याने घर्षणाने काही गोळे तोफेतच फुटत. कॅप्टन बॉक्सरने 1850 नंतर गोळ्याच्या आत लोखंडी पडदा घालून दोन्ही वेगळे केले. 1852 मध्ये गोळ्याला अधिकृतपणे श्रॅपनेलचे नाव मिळाले. तोवर सरकारी कागदांत त्याला ‘गोल डबा’ अशा अर्थाचेच नाव होते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश 18 पौंडी तोफेच्या लांबट गोळ्यात साडेतीनशेहून अधिक छर्रे मावत. खंदकांत दडलेल्या सैन्यापुढे मात्र तो निष्प्रभ ठरला व स्फोटक गोळ्यांनी त्याची जागा घेतली. आज वृत्तपत्रे बाँबच्या उडालेल्या तुकड्यांना ‘श्रॅपनेल’ म्हणतात. तो अर्थ रूढ झाला असला, तरी श्रॅपनेलच्या गोळ्यात मारक भाग आत भरलेले छर्रे होते, फुटलेले कवच नव्हे.